छापलेली ऊती जगते कशी? बायोप्रिंटिंगची सोपी ओळख

नागपुरात एखाद्या मेंदूमृत रुग्णाच्या नातेवाइकांनी अवयवदानाला होकार दिला, की पुढचे सगळे काही तासांवर येऊन ठेपते. विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय समिती, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली झेडटीसीसी, प्रतीक्षा यादीतून रुग्ण ठरवते, वाहतूक पोलीस ग्रीन कॉरिडॉर आखतात, आणि हृदय बाहेरगावी जायचे असेल तर भर दुपारची रहदारी अडवून रुग्णवाहिकेला सोनेगाव विमानतळापर्यंत वाट मोकळी करून दिली जाते. ही घाई अनाठायी नसते. थंड पेटीत ठेवलेले हृदय साधारण ४ ते ६ तास टिकते, यकृत ८ ते १२ तास, आणि किडनी नीट जपली तर २४ ते ३६ तास. त्या मुदतीत अवयव दुसऱ्या शरीरात बसून त्याला रक्त मिळू लागले नाही, तर दान वाया जाते.

यादीत सर्वाधिक गर्दी किडनीच्या रुग्णांची असते. आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिसच्या खुर्चीत चार-चार तास काढणाऱ्या माणसाने किंवा त्याच्या घरच्यांनी ‘आता म्हणे अवयव मशीनवर छापता येतात’ अशी बातमी वाचली, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग आपल्याकडे कधी? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यायचे, तर आधी हे तंत्र नेमके काय करते आणि कुठे अडते, हे समजून घ्यावे लागते. माझ्या मते या विषयावरच्या बहुतेक बातम्या चुकीच्या जागी थांबतात. त्या यंत्राचे कौतुक करतात, पण जिवंत पेशी हव्या त्या आकारात मांडणे हा या सगळ्या कामातला तुलनेने सोपा भाग आहे. मांडलेल्या पेशी दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या आठवड्यात आणि दुसऱ्या महिन्यात जिवंत ठेवणे, आणि त्यांच्याकडून अवयवाचे काम करवून घेणे, ही खरी कसोटी आहे.

शाईच्या जागी पेशी

थ्री-डी प्रिंटिंगची सुरुवात चार्ल्स हल या अमेरिकी अभियंत्याच्या तंत्रापासून धरली जाते. प्रकाश पडला की घट्ट होणाऱ्या द्रवाचे एकावर एक थर देऊन वस्तू घडवण्याच्या त्याच्या पद्धतीला १९८६ मध्ये पेटंट मिळाले. बायोप्रिंटिंगने त्यातली थरावर थर ही कल्पना उचलली आणि प्लास्टिकच्या जागी जिवंत पेशी असलेले मऊ जेल आणले. त्या दिशेने पहिला प्रयोग लगेचच, १९८८ मध्ये झाला. रॉबर्ट क्लेबे या शास्त्रज्ञाने कार्यालयात वापरतात तसला इंकजेट प्रिंटर घेऊन, पेशींना चिकटून बसायला मदत करणारे एक प्रथिन ठरावीक रेषांवर टाकले आणि त्या रेषांवर पेशी स्थिरावतात हे दाखवले. पुढे २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात थॉमस बोलंड यांनी साध्या टेबलावरच्या इंकजेट प्रिंटरमध्ये फेरफार करून त्यातून थेट जिवंत पेशीच टाकल्या.

इथे कोणालाही शंका येईल, की इंकजेट प्रिंटरच्या छिद्राशी शाई तापवून थेंब उडवला जातो, मग पेशी भाजून मरत कशा नाहीत? तिथले तापमान क्षणभर २०० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत चढते हे खरे. पण तो क्षण सेकंदाच्या काही दशलक्षांश भागाइतकाच असतो. तेवढ्या वेळात संपूर्ण थेंबाचे तापमान फार तर ४ ते १० अंशांनी वाढते आणि बहुतेक पेशी तगतात. या छोट्या निरीक्षणावर पुढचे अख्खे क्षेत्र उभे राहिले.

आज तीन-चार पद्धती रूढ आहेत. इंकजेट पद्धत वेगवान आणि बारीक आहे, पण तिला पातळ द्रवच चालतो. दुसऱ्या पद्धतीत लेझरच्या धक्क्याने एका पट्टीवरची पेशींची बारीक थेंबुली समोरच्या पृष्ठभागावर टाकली जाते. त्यात छिद्रच नसल्याने काही तुंबण्याचा प्रश्न येत नाही आणि पेशीही उत्तम जगतात, मात्र काम संथ आणि यंत्र महाग. तिसऱ्या पद्धतीत प्रकाशाने जेल घट्ट करतात, तिच्याकडे आपण पुढे येऊ. सर्वांत जास्त वापरली जाते ती दाबाची पद्धत: सिरिंजमध्ये पेशीमिश्रित जेल भरायचे, हवेच्या दाबाने किंवा दट्ट्याने ते सुईसारख्या नोझलमधून बाहेर ढकलायचे, आणि संगणकाने आखलेल्या मार्गावर त्याची तार टाकत जायचे.

पेशी कोणाच्या आणि किती

पेशी शक्यतो रुग्णाच्या स्वतःच्या असाव्यात. दुसऱ्याचा अवयव बसवला की शरीराची प्रतिकारशक्ती त्याला परका समजून त्याच्यावर हल्ला करते, आणि तो थोपवण्यासाठी प्रत्यारोपणानंतर आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. स्वतःच्याच पेशींपासून घडलेल्या ऊतीला, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या पेशींच्या समूहाला, ही अडचण बरीच कमी येईल, अशी अपेक्षा आहे.

पण प्रत्येक पेशी हवी तेव्हा आणि हवी तितकी मिळत नाही. कानातली कूर्चा (मऊ, लवचीक हाडासारखा भाग) किंवा त्वचा यांचा छोटा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवता येतात. प्रौढ माणसाच्या हृदयाच्या स्नायुपेशी मात्र जवळजवळ विभागतच नाहीत. ही कोंडी जपानच्या शिन्या यामानाका यांच्या शोधाने फुटली. त्यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या साध्या पेशींना मोजकी जनुके देऊन पुन्हा मूळ पेशींच्या अवस्थेत नेले, जिथून त्या हृदय, यकृत, मज्जातंतू अशा कोणत्याही दिशेने वाढवता येतात. या कामासाठी त्यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक जॉन गर्डन यांच्यासोबत मिळाले. बायोप्रिंटिंगवरच्या लेखांत यंत्राच्या निर्मात्यांची नावे येतात आणि यामानाकांचे राहून जाते. मला ते खटकते, कारण छापायला पेशीच नसतील तर यंत्र काय कामाचे?

संख्येचा अंदाज घेतला म्हणजे कामाचा आवाका कळतो. प्रौढ हृदयात केवळ स्नायुपेशीच २ ते ३ अब्ज असतात. त्यांच्याबरोबर रक्तवाहिन्यांचे अस्तर, आधार देणाऱ्या पेशी आणि ठोक्याचा संदेश वाहणाऱ्या पेशीही लागतात. एवढ्या पेशी ३७ अंश तापमान, दमट हवा आणि सुमारे ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या इनक्युबेटरमध्ये, दर एक-दोन दिवसांनी त्यांचे पोषक द्रव बदलत, जंतुसंसर्ग होऊ न देता वाढवायच्या, म्हणजे आठवड्यांचे किंवा महिन्यांचे काम होते. छपाई त्यानंतर काही तासांत उरकते.

शाईचे जमले तर सगळे जमते

पेशी ज्या जेलमध्ये मिसळतात त्याला बायोइंक म्हणतात, आणि या विषयातली निम्मी विद्या या जेलमध्येच आहे. विदर्भात उन्हाळ्यात ज्यांनी कुरोड्या घातल्या आहेत, त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. गव्हाचा चीक पातळ राहिला तर सोऱ्यातून पडलेले वेटोळे कापडावर पसरून सपाट होते. फार घट्ट शिजला तर सोऱ्या दाबणाऱ्याचे हात भरून येतात आणि तार तुटत राहते. बायोइंकचेही तसेच आहे, फक्त तिच्यात जीव आहे. ती घट्ट असेल तर अरुंद नोझलमधून ढकलायला जास्त दाब लागतो, आणि त्या दाबात, नोझलच्या भिंतीशी होणाऱ्या घर्षणात पेशींची आवरणे फाटतात. ती पातळ असेल तर पेशी सुखरूप राहतात, पण आकार टिकत नाही. म्हणून दाबाखाली पातळ व्हावी आणि बाहेर पडताच पुन्हा घट्ट व्हावी, अशी शाई शोधण्यात संशोधकांची वर्षे गेली आहेत.

प्रत्यक्षात वापरले जाणारे पदार्थ फारसे अनोळखी नाहीत. सागरी शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट हे त्यातले एक. सोडियम अल्जिनेटचे पातळ द्रावण कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात थेंबाथेंबाने सोडले, की प्रत्येक थेंबाभोवती पाहता पाहता पारदर्शक, लवचीक कवच धरते आणि थोड्याच वेळात आतपर्यंत मऊ गोळी तयार होते; कॅल्शियमचे कण अल्जिनेटच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतात. ही क्रिया पेशींना फारशी इजा न करता होते, म्हणून ती लोकप्रिय आहे. मात्र अल्जिनेटला पेशी नीट चिकटत नाहीत, म्हणून त्यात जिलेटिन किंवा तत्सम काही मिसळावे लागते.

जिलेटिन आणि कोलॅजेन या दोघांची गंमत वेगळीच आहे. जिलेटिन हे कोलॅजेनपासूनच बनते, पण उष्णतेपुढे दोघांचे वागणे नेमके उलटे. जिलेटिन थंडाव्यात घट्ट होते आणि शरीराच्या तापमानाला वितळते. कोलॅजेनचे द्रावण थंड असताना पातळ राहते आणि ३७ अंशांकडे नेले की त्याचे जेल होते. मे महिन्यातल्या नागपुरात, जिथे बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो, एअर कंडिशनर बंद पडलेल्या खोलीत जिलेटिनची शाई सिरिंजमध्येच पाण्यासारखी होईल आणि कोलॅजेनची शाई नोझलमध्येच गोठेल. म्हणूनच बायोप्रिंटरची सिरिंज आणि खालचा तबक, दोन्ही वेगवेगळ्या तापमानाला राखण्याची सोय यंत्रातच असते.

जिलेटिनला रासायनिक जोड देऊन ते प्रकाशाने कायमचे घट्ट होईल असे केलेली, जेलमा नावाची शाई आज प्रयोगशाळांमध्ये सर्रास दिसते. भारतात दिल्ली आणि गुवाहाटी इथल्या आयआयटींमध्ये रेशमातल्या फायब्रॉइन या प्रथिनापासून बायोइंक करून कूर्चेसारख्या ऊतींवर काम झाले आहे. भंडारा-गडचिरोलीच्या टसरवाल्यांनी हे वाचून लगेच भाव वाढण्याची वाट पाहू नये, कारण लागणारे रेशीम ग्रॅममध्ये मोजले जाते. पण आपल्या ओळखीचा धागा शरीरात मुरतो आणि सहसा त्रास देत नाही, हे कळणे मोलाचे आहे.

इतके मऊ पदार्थ हवेत थरावर थर रचले तर स्वतःच्या वजनानेच ढासळतात. त्यावर कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अॅडम फाइनबर्ग यांच्या गटाने २०१५ मध्ये सुरेख तोड काढली. त्यांनी जिलेटिनच्या बारीक कणांचा लगदा भांड्यात भरला आणि नोझल त्या लगद्यात बुडवून आतच छपाई केली. लगदा सुईला वाट देतो, पण टाकलेल्या तारेला जागच्या जागी धरून ठेवतो. छपाई पुरी झाली की भांडे ३७ अंशांपर्यंत तापवायचे. लगदा वितळून निघून जातो आणि आकार मागे उरतो. याच मार्गाने त्यांनी २०१९ मध्ये कोलॅजेनपासून हृदयाचे भाग छापून दाखवले.

घोडे पेंड खाते ते रक्तापाशी

शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी एखाद्या केशवाहिनीपासून, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिनीपासून, ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आत असते. प्राणवायू रक्तातून पाझरत पेशीपर्यंत जातो, आणि वाटेतल्या पेशी तो वापरत असल्याने याहून लांब तो पुरेसा पोहोचत नाही. या एका आकड्यात बायोप्रिंटिंगचे जवळजवळ सगळे यश आणि अपयश सामावले आहे. आपण पेशींचा एक सेंटीमीटर जाडीचा ठोकळा अचूक छापला, तरी आत रक्त किंवा पोषक द्रव खेळता नसेल, तर कडेच्या पेशी जगतील आणि मधल्या काही तासांतच गुदमरू लागतील. बाहेरून तो ठोकळा देखणा दिसेल. छायाचित्रात तर आणखीच.

त्यामुळे कोणती ऊती आधी जमेल आणि कोणती शेवटी, हे त्या ऊतीची जाडी आणि तिची रक्ताची भूक पाहून बऱ्यापैकी ओळखता येते. डोळ्याचा कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि त्यात रक्तवाहिन्या नसतातच. कूर्चेतही त्या नसतात. त्वचा पातळ असते आणि खालच्या जखमेतून तिच्यात नव्या वाहिन्या शिरू शकतात. म्हणून या तिन्हींवरचे काम पुढे गेले आहे. यकृत, हृदय आणि किडनी रांगेत मागे आहेत, आणि किडनी त्यांतही मागे.

वाहिन्या छापण्यासाठी केलेल्या युक्त्यांपैकी मला सर्वांत आवडणारी युक्ती हार्वर्डच्या जेनिफर लुईस यांच्या गटाची आहे. त्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात ऊतीच्या शाईबरोबर आणखी एक शाई वापरली, जिचा उपयोग नंतर नाहीसे होण्यापुरताच होता. प्लुरॉनिक नावाचा तो पदार्थ खोलीच्या तापमानाला घट्ट असतो आणि गार केला की पातळ होतो. जिथे रक्तवाहिनी हवी तिथे त्याची तार टाकायची, भोवती पेशींचे जेल भरायचे, मग सगळे थंड करून ती तार पाण्यासारखी शोषून घ्यायची. मागे उरते पोकळ नळी. त्या नळीत रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी सोडल्या की त्या आतल्या भिंतीवर पसरून अस्तर धरतात.

राइस विद्यापीठातले जॉर्डन मिलर, वॉशिंग्टन विद्यापीठातल्या केली स्टीव्हन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रकाशाचा मार्ग घेतला. प्रकाशाने जेल घट्ट करताना अडचण अशी, की प्रकाश ठरलेल्या थरापुरता न थांबता खाली झिरपतो आणि खालच्या पोकळ जागाही बुजवतो. प्रकाश शोषून घेणारे नेहमीचे रासायनिक पदार्थ पेशींना विषारी ठरतात. या गटाने त्याऐवजी टार्ट्राझिन हा खाद्यपदार्थांत घालतात तो पिवळा रंग वापरला; हळदीतले कर्क्युमिनही या कामाला चालते, असे त्यांना आढळले. रंग नंतर धुऊन जातो. या पद्धतीने त्यांनी फुफ्फुसातल्या वायुकोशाचे छोटे प्रतिरूप केले, ज्यात हवेची पिशवी फुगत-आकसत असताना भोवतीच्या वाहिन्यांतून रक्त फिरत होते आणि प्राणवायू घेत होते.

मात्र छापता येणारी नळी आणि शरीरातली केशवाहिनी यांत अजून मोठे अंतर आहे. केशवाहिनी इतकी अरुंद असते, की तांबड्या पेशीला तिच्यातून अंग चोरून एकेकटीने जावे लागते. एवढे बारीक जाळे अख्ख्या अवयवभर नोझलने काढत बसणे अजून तरी आवाक्याबाहेर आहे. म्हणून मोठ्या वाहिन्या आपण छापायच्या आणि बारीक जाळे पेशींना स्वतः विणू द्यायचे, असा समजूतदारपणाचा मार्ग बहुतेक गटांनी धरला आहे. पेशींना ते येते. गर्भात त्यांनी तेच केलेले असते. फक्त त्यासाठी छापलेली ऊती बायोरिअॅक्टरमध्ये, म्हणजे पोषक द्रव सतत फिरता ठेवणाऱ्या पेटीत, काही दिवस ते काही आठवडे सांभाळावी लागते. स्नायूला ताण आणि कूर्चेला दाब दिला तरच त्यांच्या पेशी योग्य दिशेने वळतात.

माणसापर्यंत काय पोहोचले

बातम्या वाचताना तीन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात: पेशी नसलेला छापील आधार, हाताने पेशी लावलेला सांगाडा, आणि खरोखर पेशींसह छापलेली ऊती. यांची सरमिसळ फार होते.

मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये श्वासनलिका वारंवार मिटणाऱ्या एका तान्ह्या बाळाला छापलेली आधारपट्टी बसवली आणि त्याचा जीव वाचला. ती पट्टी शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या पॉलिकॅप्रोलॅक्टोन या प्लास्टिकची होती. तिच्यात पेशी नव्हत्या. अमेरिकेतले संशोधक अँथनी अटाला यांच्या गटाने रुग्णांच्या स्वतःच्या पेशींपासून वाढवलेली मूत्राशये सात मुला-तरुणांमध्ये बसवल्याचा अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक ठिकाणी तो छापलेल्या अवयवांचा पहिला नमुना म्हणून सांगितला जातो, पण त्यात सांगाडा वेगळा करून त्यावर पेशी लावल्या होत्या. त्याच गटाने पुढे २०१६ मध्ये खास यंत्रावर कान, हाड आणि स्नायू यांचे तुकडे बारीक मार्गिकांसह छापले आणि ते प्राण्यांमध्ये टिकल्याचे दाखवले.

पेशींसह छापलेली ऊती माणसात बसवल्याची ठळक उदाहरणे अलीकडची आहेत. थ्रीडीबायो थेराप्युटिक्स या अमेरिकी कंपनीने जून २०२२ मध्ये जाहीर केले, की जन्मतः एक कान अपुरा असलेल्या २० वर्षांच्या तरुणीला तिच्याच कूर्चापेशींपासून छापलेला बाह्यकान बसवला आहे. आकार तिच्या दुसऱ्या कानावरून घेतला होता. दक्षिण कोरियात सोलच्या सेंट मेरीज रुग्णालयात २०२३ मध्ये एका महिलेच्या श्वासनलिकेत छापलेला भाग बसवण्यात आला. दोन्हींत कूर्चेचाच वाटा मोठा आहे, हे वाचकाने पाहावे.

तेल अवीव विद्यापीठातल्या ताल द्वीर यांच्या गटाने २०१९ मध्ये छापलेले ‘हृदय’ आपल्याकडच्या वृत्तवाहिन्यांवरही गाजले. ते काम खरोखरच उत्तम होते: माणसाच्या पोटातल्या चरबीच्या पडद्यातून घेतलेल्या पेशींपासून हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या पेशी केल्या, त्याच ऊतीच्या उरलेल्या भागापासून शाई केली, आणि कप्पे व मोठ्या वाहिन्या असलेला आकार छापला. पण तो सुमारे २ सेंटीमीटर उंचीचा होता. त्यातल्या पेशी आकुंचन पावू शकत होत्या. एकसुराने ठोका देऊन रक्त ढकलणे त्यांना येत नव्हते. हे दुसरे वाक्य बातम्यांतून गळाले.

आपल्या देशापुरते बोलायचे, तर हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेने तिथल्या आयआयटी आणि सीसीएमबी (पेशी आणि रेणवीय जीवशास्त्राचे केंद्र) या संस्थांच्या सोबतीने मानवी कॉर्नियातल्या पेशी काढून टाकलेल्या ऊतीपासून शाई करून कॉर्निया छापला आणि तो सशाच्या डोळ्यात बसवला; हे २०२२ मध्ये जाहीर झाले. नागपूरहून हैदराबाद फार दूर नाही, आणि इथले नेत्ररुग्ण पूर्वीपासून तिथे जातच आहेत. भारतीय रुग्णाला छापील ऊतीचा उपयोग सर्वांत आधी होण्याची शक्यता कुठे आहे असे मला कोणी विचारले, तर मी कॉर्नियाचे नाव घेईन.

त्याहूनही आधी उपयोग सुरू झाला आहे तो औषधांच्या चाचणीत. प्रत्यारोपणाला अख्खे यकृत लागते, पण नवे औषध यकृताला घातक आहे का हे पाहायला नखाएवढा जिवंत तुकडा पुरतो, आणि तो काही आठवडे जगला तरी काम भागते. ऑर्गॅनोव्हो या कंपनीने २०१४ मध्ये असे यकृताचे छापील नमुने औषध कंपन्यांसाठी बाजारात आणले. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलून औषधाच्या मानवी चाचणीआधी प्राण्यांवरच प्रयोग झाले पाहिजेत ही अट काढली. भारतानेही मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांविना होणाऱ्या चाचणीपद्धतींना जागा दिली.

किडनीचे काय

आता मूळ प्रश्नाकडे. एका किडनीत सुमारे १० लाख नेफ्रॉन असतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या टोकाशी केशवाहिन्यांचा पुंजका असतो, तिथे रक्त गाळले जाते, आणि पुढच्या वळणावळणाच्या नळीत शरीराला हवे ते पाणी, क्षार आणि साखर परत ओढून घेतली जाते. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला जवळपास १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटरच लघवीवाटे बाहेर जातो. या कामासाठी २० हून अधिक प्रकारच्या पेशी ठरलेल्या क्रमाने बसलेल्या लागतात, आणि हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा सतत इथून वाहत असतो. नेफ्रॉनच्या नळीचे छोटे तुकडे छापून त्यातून द्रव खेळवणे लुईस यांच्या गटाने २०१६ मध्ये साधले आहे. एका वळणाचा तुकडा आणि दहा लाख नेफ्रॉनांचा, मूत्रनलिकेला जोडलेला अवयव यांत किती मजल आहे, हे वेगळे सांगायला नको. आज डायलिसिसवर असलेल्या रुग्णाने छापील किडनीच्या आशेवर यादीत नाव नोंदवणे लांबवणे, किंवा घरातला दाता तयार असताना थांबणे, हे सरळ नुकसानीचे ठरेल.

घाई केली तर काय होते, याचाही दाखला आहे. पाओलो माकियारिनी या शल्यविशारदाने २०११ पासून स्वीडनमध्ये रुग्णांना प्लास्टिकच्या सांगाड्यावर मूळ पेशी लावलेल्या श्वासनलिका बसवल्या. त्या छापलेल्या नव्हत्या, पण दावा याच जातीचा होता: रुग्णाच्याच पेशी सांगाड्यावर रुजतील आणि नवी नलिका जगेल. तसे झाले नाही. तिथे शस्त्रक्रिया झालेले तिन्ही रुग्ण पुढे दगावले, आणि २०२३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने माकियारिनी यांना अडीच वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली.

आपल्याकडे छापील अवयवाची जाहिरात अजून भिंतींवर आलेली नाही, पण मूळ पेशींच्या ‘उपचारां’ची आलेली आहे, आणि पुढची पाटी कोणती लागेल याचा अंदाज बांधणे अवघड नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या विकारांसाठी होणारे रक्तजनक मूळ पेशींचे प्रत्यारोपण सोडले, तर मूळ पेशींचे इतर उपयोग प्रायोगिक मानले जातात आणि ते मंजूर चाचणीतच करता येतात. २०१९ च्या नव्या औषधांच्या नियमांत मूळ पेशींपासून केलेले उत्पादन नेहमीच ‘नवे औषध’ धरले जाते, त्यामुळे अशा पेशींची छापील ऊती रुग्णाला बसवायची तर केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागेल. अशी चाचणी सुरू करण्याआधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते. ती नोंदवही इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते आणि तिच्यात चाचणी कोणत्या शहरात, कोणत्या रुग्णालयात, कोणत्या आजारासाठी आहे हे लिहिलेले असते. कोणी अशा उपचाराचा दावा केला, तर त्याच्याकडे हा नोंदणी क्रमांक मागावा आणि प्रायोगिक उपचाराचे पैसे कशाचे, हेही विचारावे.